कापडाखालचा उंचवटा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे, आणि मीही तिला तसं वाटू दिलंय. एका जुन्या मित्राला सांगायला म्हणून एकदा मुद्दाम गेलो होतो. चहा झाला, मुलांच्या नोकऱ्यांवर बोलून झालं, गुडघ्यांवर बोलून झालं, आणि मी तसाच परत आलो. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरंच आहे. ओळखत असतात तर मध्येच म्हणाला असतात, "जाऊ दे रे, एवढं काय त्यात?" — आणि मी लगेच जाऊ दिलं असतं.

गोष्ट एका लोट्याची आहे. तोटीच्या लोट्याची. ती नीट कळायची तर आधी माझा धंदा सांगायला हवा.

मी वस्तूंना आकार द्यायला शिकवायचो. इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात त्याला. माझी आई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायची, "हा इंटिरियर करतो," आणि पाहुणे मला किचन ट्रॉलीचा खर्च विचारायचे. पण तुमच्या मिक्सरची मूठ, इस्त्रीची पाठ, स्कूटरचा पुढचा भाग — हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. मी तसा ठरवणाऱ्यांतला एक होतो. पुण्याच्या एका कारखान्यात मी मातीच्या स्कूटर करायचो. खऱ्या मापाच्या. एक तपकिरी माती येते, गरम केली की लोण्यासारखी होते आणि गार झाली की साबणासारखी. ती थापायची, खरवडायची, पुन्हा थापायची. महिनोन्‌महिने. मग तिथे कॉम्प्युटर आले. मला कुणी काढलं नाही. नुसतं विचारायचं बंद केलं. मातीच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले, आणि एका सकाळी मी दार उघडलं तर मला आत शिरायलाच जागा नव्हती.

तेव्हा मी पनवेलला आलो. विचुंब्याच्या पुढे एक छोटं खासगी डिझाइन कॉलेज निघालं होतं. इमारत मुळात मंगल कार्यालयासाठी बांधलेली, त्यामुळे आमची मातीची खोली म्हणजे खरं तर जेवणावळीचा हॉल. मला फार आवडायची ती खोली. नवीन पनवेलला घर घेतलं आणि शिकवू लागलो. आणि — हे खरं सांगतो, बढाई म्हणून नाही — मी चांगला शिकवायचो.

माझी एक पद्धत होती. मुलांनी तिला 'कापड' असंच नाव पाडलं होतं. "आज कापड आहे," म्हटलं की वर्गात कुणाला डबा जायचा नाही. प्रत्येकाने केलेला नमुना टेबलावर ठेवायचा आणि त्यावर एक जुनी काळी चादर टाकायची. मी चादरीखाली दोन्ही हात घालायचो, डोळे मिटायचो आणि आकार चाचपायचो. ज्याचं काम असेल त्याने हात मागे बांधून समोर उभं राहायचं. डोळा लाडावतो, रंग पाहून, चमक पाहून भुलतो. बोटं भुलत नाहीत. कुठे केसभर उंचवटा असला, कुठे एक वळण दुसऱ्यात शिरताना अडखळलं असलं, की माझं बोट तिथे थांबायचं. मी चादर काढून पेन्सिलने गोल करायचो. "इथे." मग ते पोर डोळे मिटून स्वतः चाचपायचं, आधी गोंधळायचं आणि मग त्याचा चेहरा बदलायचा. सापडायचंच. दर वेळी सापडायचं, कारण दर वेळी तिथे खरोखर काहीतरी असायचं.

हे एवढं लांबण लावून का सांगतोय? मी काय मोडलं ते तुम्हाला कळावं म्हणून.

माझ्या बोटांचा गवगवा झाला होता. शिकून गेलेली मुलं नोकरीच्या ठिकाणी 'सरांची बोटं' अशा गोष्टी सांगायची. मलाही ते चढलं होतं. मी घरी गरम भांडं उचलायचो नाही, कांदा चिरायचो नाही, झोपायच्या आधी बोटांना खोबरेल लावायचो. बायको म्हणायची, "सतार वाजवतोस का रे?" मी हसायचो, पण लावायचो.

मग इथेही कॉम्प्युटर आले. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. अनिकेत नावाचा एक तरुण शिक्षक आला, सॉफ्टवेअर शिकवायला. गुणी मुलगा. मला फार मानायचा. मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचो — बघायला आलोय, असं दाखवून. खरं म्हणजे शिकायला. माउस हातात घेतला की माझ्या या नावाजलेल्या बोटांचे लाकडी चमचे व्हायचे. रेघ भलतीकडेच जायची. पडद्यावर वस्तू गरागरा फिरायची, तिला ना वजन ना पाठ. मी बाहेर येऊन मुलांना सांगायचो, "पडद्यावर बोट फिरवून बघा, सगळंच गुळगुळीत लागतं." मुलं हसायची. त्या दिवसांत मी असला हशा बराच मिळवत होतो.

आणि एकदा संचालकांनी मला बोलावून चहा पाजला. पुढच्या वर्षी मातीची खोली निम्मी करायची म्हणाले, निम्म्या भागात मशिनं येतील. वर गोड आवाजात, "तुमचं आहेच की, सर. तुमचं कोण काढतंय?" हे वाक्य मी पुण्यात ऐकलेलं होतं. शब्द न्‌ शब्द.

आता नाझनीन.

ती जुन्या पनवेलची. वडील कितीतरी वर्षं आखातात होते, परत येऊन त्यांनी घड्याळांचं छोटं दुकान टाकलं आणि थोड्याच काळात त्यांचे हात थरथरू लागले. दुकान पुढे मुलगा पाहायला लागला. नाझनीन शेवटच्या वर्षाला आली तेव्हा बाकीची मुलं हेल्मेट, स्पीकर, उडत्या गाड्या असले विषय घेत होती. हिने लोटा घेतला. वडील घरी वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, एका हाताने लोटा तिरका करायचे आणि पाणी हातावर पडण्याआधी बाहीवर पडायचं. रोज, दिवसातून कितीदा तरी. मी म्हटलं, कुणीतरी ओतून द्यावं की. तर म्हणाली, "अब्बांना नाही आवडत, सर. कुणी पाणी घातलं की ते गप्प बसतात. दिवसभर गप्प."

एवढंच बोलली. तिचं बोलणं तेवढंच असायचं.

सुरुवातीला ती माझ्या मातीच्या खोलीत काम करायची. तिचा हात वाईट नव्हता, पण डोळ्यांत भरेल असाही नव्हता. मग हळूहळू तिचं येणं कमी झालं. अनिकेतच्या खोलीत दिसायला लागली. मला लागलं ते. आता सांगायला लाज वाटते — एवढा मोठा माणूस, आणि पोरगी दुसऱ्याच्या वर्गात बसते म्हणून रुसला.

शेवटच्या तपासणीचा दिवस आला. सगळा वर्ग, संचालक, अनिकेत. दुपारची वेळ, वरचा पंखा कुरकुरत होता आणि चादरीचं टोक उडत होतं. एकेकाचं झालं. नाझनीनचं आलं. ती हात मागे बांधून समोर उभी राहिली. मी चादरीखाली हात घातले आणि डोळे मिटले.

कसं सांगू?

लोट्यासारख्या भांड्यात अवघड जागा एकच असते — पोटातून तोटी जिथे निघते ती. तिथे सगळ्यांचंच फसतं. माझंही फसायचं. पोट एक बोलतं, तोटी दुसरं बोलते, आणि मधे कुठेतरी बोटाला पायरी लागतेच. मी पोटावरून बोटं वर नेली. वर, आणखी वर, आणि मग मला कळलं की मी तोटीवर आहे. पोट कधी संपलं? मी परत खाली आलो. पुन्हा वर गेलो. तेच. कुठेही काही संपत नव्हतं आणि कुठेही काही सुरू होत नव्हतं. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवला आहे तुम्ही? तसं. मग मी मूठ धरली. ती मूठ तळव्यात आपणहून येऊन बसली, आणि वजन असं खाली, हाताच्या आत उतरलं की माझा हात शांत झाला. माझा हात थरथरत नव्हता. तरीही तो शांत झाला.

अंगावर शहारा आला माझ्या. इतकी वर्षं मातीत घालवली, किती आकार हाताखालून गेले, पण असं काही कधी हाताला लागलं नव्हतं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येईल की काय असं वाटलं. मी देवबिव फारसा मानत नाही, पण हात जोडावेसे वाटले — आणि हात तर चादरीखाली. मला माझ्यापेक्षा फार मोठं काहीतरी सापडलं होतं आणि ते एका न बोलणाऱ्या पोरीने केलं होतं.

 मी तोंड उघडलं ते हेच सांगायला, की या चादरीखाली आजवर आलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. देवाशपथ तेच सांगायला. पण आधी विचारलं, "किती दिवस घासलंस गं?"

"घासलं नाही, सर. कॉम्प्युटरवर काढलं. तळोज्याला मशीनवर प्लास्टिकमध्ये कापून घेतलं, दोन अर्धे, आणि चिकटवलं."

तिच्या बोलण्यात ना मिरवणं होतं ना भीती. मी डोळे उघडले. संचालक खुर्चीत पुढे झुकले होते. अनिकेत हसत होता — मनापासून, आनंदाने, तिच्यासाठी. आणि मला मोडक्या खुर्च्यांनी भरलेली ती पुण्याची खोली दिसली. आता मी माझ्या तोंडाने सांगायचं, की मशीनमधून आलेली ही वस्तू माझ्या उभ्या आयुष्यातल्या मातीपेक्षा सरस आहे? या माणसांसमोर? यांनीच निम्मी खोली मागितलेली असताना?

मी म्हणालो, "इथे उंचवटा आहे."

चादर काढली. तोटीच्या मुळाशी, डाव्या अंगाला, पेन्सिलने गोल केला.

तुम्हाला वाटेल, घाबरून तोंडातून निसटलं असेल. नाही. मी जागा निवडली. पृष्ठभाग जिथे सगळ्यात जास्त वळत होता तिथली जागा, कारण वळणावर बोट आपोआप डगमगतं आणि माणसाला सांगाल ते जाणवतं. हे मला माहीत होतं. माझ्या कलेतलं उत्तमातलं उत्तम ज्ञान मी त्या क्षणी त्या कामी लावलं.

आणि मग जे झालं त्याची मला आजही भीती वाटते. मुलं एकेक करून पुढे आली, डोळे मिटले, बोट ठेवलं. "हो, सर." "आहे, हलकासा आहे." एक जण तर म्हणाला, चांगलाच आहे की. संचालकांनी बोट ठेवून डॉक्टरसारखी मान हलवली. अनिकेतनेही चाचपलं, आणि त्याचं हसू विझलं. "असेल, सर. तुमच्याइतकं मला नाही कळत." नसलेली गोष्ट अख्ख्या खोलीच्या बोटांना लागली. माझ्या एका शब्दाने.

शेवटी नाझनीन. तिने डोळे मिटले. फार वेळ लावला. मग म्हणाली, "मला नाही लागत, सर."

"पुन्हा बघ."

तिने पुन्हा पाहिलं. "नाही लागत. मी घासू कुठे?"

तो प्रश्न उद्धट नव्हता. तिला खरंच घासायचं होतं, तिला जागा सापडत नव्हती. तिथे मी थांबू शकलो असतो. नाही का? "राहू दे" म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मी टेबलावरची कानस उचलली आणि त्या गोलावर चालवली. कर्र, कर्र. पांढरा भुगा टेबलावर पडला. मग पॉलिश पेपर मारला, म्हणजे कानशीच्या रेघा दिसू नयेत. ती हात मागे बांधून उभी होती, आमची पद्धतच तशी होती. मी लोटा तिच्यापुढे सरकवला. "आता बघ."

तिने डोळे मिटून बोट ठेवलं. "आता खड्डा लागतोय, सर. आधी काही नव्हतं."

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "हात तयार व्हायला वेळ लागतो." संचालक म्हणाले, आता कळलं, नुसतं मशीन का पुरत नाही ते. पुढच्या वर्षी मातीची खोली पूर्णच्या पूर्ण राहिली. त्याच्या पुढेही काही वर्षं राहिली. हे मला त्या खड्ड्याच्या बदल्यात मिळालं.

इथवर एक वेळ तुम्ही म्हणाल, घाबरला होता बिचारा. म्हणूनच पुढचं सांगायचं आहे.

मला चैन पडेना. त्याच आठवड्यात मी तळोज्याला गेलो, ती साचे बनवणारी शेड शोधत. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, बघू तर खरं, आहे काय हे मशीन. मालकाने उभं राहू दिलं. काचेच्या आड एक पातं फिरत होतं आणि पांढऱ्या ठोकळ्यातून कसलासा वक्र भाग बाहेर येत होता. खाली खोबऱ्याच्या किसासारखा ढीग. कुणाचा हात नाही, कुणाचा श्वास नाही, आणि आकार मात्र उमलत चाललेला. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. इतका वेळ, की मालकाने स्टूल आणून दिलं. मी ज्याची टिंगल करत फिरत होतो ते असं होतं. इतकं सुंदर.

मी लोट्याचा विषय काढला. मालक कपाळावर हात मारून हसला. "ती पनवेलची पोरगी ना? डोकं खाल्लं तिने आमचं. दर वेळी तुकडा कापून घ्यायची, तिथे बाकड्यावर बसायची, डोळे मिटून चाचपायची. मग म्हणायची, नाय जमलं, परत येते. आमची पोरं चिडवायची तिला, काय नमाज पढते काय लोट्यावर म्हणून."

डोळे मिटून चाचपायची.

कळतंय तुम्हाला? माझी पद्धत होती ती. ती माझी खोली सोडून गेली नव्हती, माझी खोली सोबत घेऊन गेली होती. ओढायची पडद्यावर, कापायची मशीनवर, पण ठरवायची बोटांनी — माझ्याकडे शिकलेल्या बोटांनी. मशीनला काय ठाऊक तोटी कुठून उगवते? एकेक वळण तिने बोटाखाली तपासलं होतं, आणि फसलं की परत जाऊन रेघ बदलली होती. आमच्या धंद्याचं पुढे काय होणार म्हणून मी रात्रंदिवस कुढत होतो. त्याचं उत्तर या पोरीने करून माझ्या चादरीखाली ठेवलं होतं. आणि मी त्याला कानस लावली.

परतताना मी ठरवलं, सांगायचं. उद्याच. नाझनीनला बोलवायचं, अनिकेतलाही बोलवायचं.

मला बोलवावं लागलं नाही. दोन-चार दिवसांनी तीच मातीच्या खोलीत आली. दुपारी, मी एकटा असताना. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक पुण्याचा छोटा स्टुडिओ, घरगुती वस्तू करणारा. भांडी, दिवे, मुठी. दुसरी इथलीच कंपनी, मोबाइलच्या पडद्यावरची बटणं, चित्रं वगैरे करणारी. तेव्हा ते नवीन होतं. ती टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली,

"सर, एकच विचारायचंय. तिथे खरंच काही होतं? तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन. माझ्या बोटांवर मी भरवसा ठेवायचा की नाही, तेवढं कळलं पाहिजे. मग ठरवते."

खोलीत कुणी नव्हतं. ना संचालक, ना अनिकेत, ना वर्ग. कुणासमोर नाक कापलं जाणार नव्हतं. तळोज्याला सगळं डोळ्यांनी पाहून आलो होतो. आणि एक पोरगी तिच्या आयुष्याचा रस्ता माझ्यासमोर धरून उभी होती.

मी म्हणालो, "होतं."

का? कितीदा तरी विचारलंय मी स्वतःला. नाही म्हटलं असतं तर कानस का चालवली, हेही सांगावं लागलं असतं. एवढंच. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "थँक्यू, सर." आणि ती पुण्याला न जाता मोबाइलच्या पडद्यांकडे गेली.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. बघता बघता सगळा धंदाच पडद्यांकडे गेला. हातात मावणाऱ्या वस्तू हळूहळू एका फोनमध्ये शिरल्या — घड्याळ, कॅमेरा, रेडिओ, टॉर्च. मातीची खोली अखेर बंद झालीच. आणि गंमत बघा, मी अनिकेतकडून ते सॉफ्टवेअर शिकलो. पन्नाशीनंतर. माझ्या बाजूला बसून त्याने शिकवलं आणि मला ते आलं. फार अवघड नव्हतं. पहिल्यांदा पडद्यावर एक वळण मनासारखं उतरलं तेव्हा मी लहान पोरासारखं अनिकेतला हाक मारून बोलावलं. ज्याला मी एवढा भ्यालो होतो ते काही महिन्यांच्या अभ्यासाचं काम होतं.

दोन हजार सोळाच्या आसपास नाझनीन कॉलेजात आली. पाहुणी म्हणून, मुलांशी बोलायला. आता ती मोठ्या टीमची प्रमुख, तुम्ही रोज अंगठा फिरवता त्यातलं काहीतरी तिचं असेल. तशीच कमी बोलणारी. तिने पिशवीतून लोटा काढून टेबलावर ठेवला. वडील रोज वापरतात, आज मागून आणलाय म्हणाली. मग ऑफिसातून काळं कापड मागवलं आणि लोट्यावर टाकलं. 

तिने मुलांना माझी पद्धत समजावून सांगितली, प्रेमाने, माझ्याकडे बघत. मग म्हणाली, "मला या कामाचा हात नाही, हे मला वेळेवर कळलं ते सरांमुळे. वर्गात सगळ्यांना उंचवटा लागला, मला एकटीला लागला नाही. नाहीतर मी आयुष्यभर वाईट भांडी करत बसले असते." मुलं हसली. तीही हसली. कसलाही सल नव्हता त्यात, आणि तेच मला ऐकवेना.

मुलं एकेक करून हात घालू लागली. कुणाचंच बोट कुठे थांबलं नाही. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी, चष्मा लावलेली, थोडी घाबरट, डोळे मिटून तोटीच्या मुळाशी थांबली. परत गेली. परत थांबली. "मॅडम, बाकी कुठेच काही नाही. पण इथे खड्डा आहे. कुणीतरी घासलंय."

नाझनीनने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. इतक्या वर्षांनी, अगदी थोडं. "सर?" एवढंच म्हणाली.

मी पुढे गेलो. कापडाखाली हात घातले, डोळे मिटले. आणि तो लोटा पुन्हा माझ्या हातात आला. पोट वर गेलं, तोटी झालं, आणि अजूनही मला कळलं नाही कधी. रोजच्या पाण्याने तो आणखी मऊ झाला होता. तोच शहारा आला. आजही जगात यापेक्षा चांगलं काही माझ्या हाताला लागलेलं नाही. आणि डाव्या अंगाला ती जागा. माझ्या बोटांनी स्वतःची कानस ओळखली.

सगळा वर्ग थांबला होता. ती थांबली होती. आता तर माझी खोलीही उरली नव्हती वाचवायला.

मी म्हणालो, "वापरून झिजलंय."

नाझनीनच्या चेहऱ्यावर जे हललं होतं ते खाली बसलं. तिने मान डोलावली. "अब्बांचा अंगठा असेल." मग त्या मुलीकडे वळून, समजावणीच्या सुरात, "बघ, झीज कुठली आणि घासलेलं कुठलं, हे सरांच्या बोटांना कळतं. वेळ लागतो." त्या मुलीने हात काढून घेतला आणि आपल्या बोटाकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग हात ओढणीखाली घेतला.

तिचं नावही मी विचारलं नाही.

लोटा आजही पनवेलात, त्या घरात, मोरीच्या कठड्यावर असेल. त्यावर उंचवटा कधीच नव्हता. झीजही नाही. नाझनीनच्या बोटांना जे लागलं नाही ते तिथे नव्हतं, आणि त्या मुलीच्या बोटाला जे लागलं ते आहे. तो खड्डा मी पाडला.